वायकाटोकाठचं चर्च आणि आमच्या भैरोबाचा कौल

निघताना सुमनवहिनींनी फोटो मांडीवर घेतला आणि सीटबेल्ट फोटोच्या वरून लावला. फ्रेममध्ये त्यांचे यजमान, म्हणजे माझा बालमित्र तुकाराम, पलटणीच्या गणवेशात, टोपी तिरकी घातलेला.

"ह्यांनी जल्मात बेल्ट लावला नसता," वहिनी म्हणाल्या.

गाडी चालवणारी त्यांची लेक सायली आरशात बघून हसली. मी तिच्या शेजारी बसलो होतो. मला हसता आलं नाही.

सायली ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या वॉर्डात मध्यंतरी वायकाटोकडची एक माओरी म्हातारी होती. तिचं नाव मेरे, पण इथे त्या वयाच्या बाईला सगळेच आन्टी म्हणतात. घरी जाताना तिने सायलीला सांगितलं, "आमच्या गावात ये. जुनं चर्च आहे, त्याच्यामागे लढाईचे खंदक आहेत. आईला आण, आणि वडिलांनाही आण." सायली म्हणाली, "वडील नाहीत." त्यावर ती म्हणाली, "म्हणूनच सांगते. आमच्याकडे पाहुणा एकटा येत नसतो, आपली गेलेली माणसं बरोबर घेऊन येतो. फोटो आण."

मला बोलावलं ते गावचा माणूस म्हणून. मी माउंट वेलिंग्टनला राहतो आणि पेनरोजच्या गोदामांजवळ एका फार्मसीत काम करतो. वहिनी लेकीकडे येऊन सहा महिने होत आले होते आणि तेवढा काळ मी शनिवारच्या ड्युट्या मागून घेत होतो. सुट्टी असली की भेटायला जावं लागेल, म्हणून. बायको म्हणायची, "अहो, गावची बाई आलीय, एकदा जेवायला तरी बोलवा." बोलावलं, एकदा. बाकीची चार माणसंही बोलावली, म्हणजे दोघांनीच बोलायची वेळ येऊ नये.

हे प्रवासवर्णन आहे, त्यामुळे आधी रस्ता सांगायला हवा. पण कोणत्या सामानानिशी निघालो तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव साताऱ्याकडचं. घरटी एक माणूस पलटणीत, आणि पलटणीत जाणारा प्रत्येक माणूस आधी भैरोबाच्या देवळात. आम्ही त्या देवळाचे गुरव. आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने फुलाच्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मुलगी द्यावी का, विहीर खणावी का, रजा संपवून हजर व्हावं का, सगळं विचारतात. शिकलेल्या वाचकाला हसू येईल. मलाही तेव्हा यायचं.

तुकाराम बर्फात गेला, उत्तरेला, चौकीवर कडा कोसळून. शत्रूची गोळी नाही, काही नाही. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून वहिनींनी भैरोबाच्या देवळात पाऊल ठेवलेलं नाही. जत्रेत वीरपत्नींना पहिल्या ओटीचा मान असतो. त्यांचा मान दरवर्षी दारातून परत जातो. पुढच्या आठवड्यात त्या गावी परतणार होत्या. त्यांना सांगायची एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली होती. 'राहून गेली' हेही खोटंच. मी ती ठेवली होती. त्या परत जायच्या आत सांगायची, नाहीतर कधीच नाही, एवढं मला त्या सकाळी ठाऊक होतं.

ऑकलंड सोडून दक्षिणेला निघालं की अर्ध्या-पाऊण तासात बॉम्बे हिल्स लागतात. पाटी वाचून वहिनी खूश झाल्या. "मुंबई आली की!" मुंबई कसली, कांद्या-बटाट्याची लाल माती, हिरवे उतार आणि त्यावरून लोळत येणारं धुकं. एका जहाजाच्या नावावरून हे नाव पडलं म्हणतात. वहिनींना ते पटलं नाही. "कुणीतरी आपलं हितं आधी येऊन ऱ्हायलं असणार," त्यांचा निकाल.

टेकड्या उतरल्या की पोकेनो. इथे आइस्क्रीमसाठी थांबायचा रिवाज आहे. कोनावर एकावर एक असे गोळे रचतात की खाणाऱ्याला तोंड कुठून लावावं कळत नाही. वहिनींनी दोन गोळे घेतले, एक डाव्या हाताच्या अंगठ्यावर ओघळला, आणि फोटोवर थेंब पडू नये म्हणून त्यांनी तो फोटो माझ्याकडे दिला. "धरा भावजी, तुमच्या दोस्ताला." मी तो खाली कागदी रुमाल घेऊन धरला. काचेवर माझंच तोंड दिसत होतं, म्हणून उलटा केला.

"काका, उलटा का धरलाय?" सायलीने विचारलं.

"ऊन लागतंय काचेला," मी म्हणालो. आभाळ भरलेलं होतं.

मर्सरनंतर वायकाटो नदी रस्त्याला येऊन मिळते. रुंद, संथ, तपकिरी. काठाला विलोची झाडं पाण्यात केस सोडून बसलेली. आपली कृष्णा माहुलीला अशी दिसते पावसाळा सरल्यावर, पण कृष्णेला घाट आहेत, घंटा आहेत. ही एकटी वाहते. एकोणिसाव्या शतकात याच नदीतून इंग्रज सरकारच्या बोटी तोफा घेऊन वर गेल्या, आणि काठाकाठाच्या माओरी गावांची जमीन गेली. आता त्या जमिनीवर गाई चरतात, मका उभा असतो. मार्चचा महिना होता. उन्हाळा संपत आला होता आणि गवत पिवळं पडलं होतं.

मोठा रस्ता सोडल्यावर नकाशा मी बघत होतो. मी एक वळण चुकवलं. मग आणखी एक. खडीच्या रस्त्यावर दुभत्या गाईंचा एक लांबच लांब कळप गोठ्याकडे निघालेला, त्याच्यामागे आम्ही. चार चाकांच्या छोट्या गाडीवरच्या गवळ्याने हात वर करून माफी मागितली. सायली म्हणाली, "नो वरीज," आणि मग माझ्याकडे वळून, "काका, हा रस्ता नक्की? फोनवर तर ते मागे गेलं."

"असेल," मी म्हणालो.

मागून वहिनी म्हणाल्या, "भावजींना ल्हानपणापास्नं रस्ता कळत न्हाई. ह्ये सांगायचे, शाळेतनं घरी येताना पण ह्यो ओढ्याच्या अंगानं जायचा." खरं म्हणजे मला रस्ता चांगला कळत होता. पोचायचं नव्हतं.

गावाचं नाव मी देत नाही. आन्टीने मागाहून तसं सांगितलं. लोक येतात, फोटो काढतात, नेटवर टाकतात, मग कोणीही येऊन कबरींवर बसतं. एवढं सांगतो की गाव म्हणजे वीस-पंचवीस घरं, एक बंद पडलेली शाळा, एक डेअरी (इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात), टेकडीच्या पायथ्याशी पांढरं लाकडी चर्च आणि चर्चला लागून सभेचं लांबट घर. टेकडीच्या माथ्यावर गवताखाली मातीचे बांध दिसतात. लांबून वाटतं कुणी तरी अंथरुणाला नीट घड्या घातल्यात. तेच खंदक.

आम्ही फाटकाशी थांबलो. आत न जाता थांबायचं असतं, हे सायलीला ठाऊक होतं. चर्चच्या पायरीवरून एका बाईचा आवाज आला, उंच, लांबवलेला, गाण्यासारखा आणि रडण्यासारखाही. आन्टी मेरे आम्हाला बोलावत होती. वहिनींनी नकळत डोक्यावर पदर घेतला. "पाव्हण्याला या म्हणायचं गाणं न्हाई ह्ये," त्या हळूच म्हणाल्या. "गेलेल्याला हाक मारतात तसं हाय." अर्थ तोच होता, सायलीने नंतर सांगितलं.

आन्टी जवळ आली. ऐंशीच्या पुढची, उंच, पायात जांडल (रबरी चपला), अंगात काळा स्वेटर. तिने आम्हा कुणाकडे न बघता आधी फोटोकडे बघितलं. त्याच्याशी माओरीत बोलली, बराच वेळ, जसं दमून आलेल्या पाव्हण्याला पाणी देताना बोलतात. मग वहिनींचे खांदे धरून कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. याला होंगी म्हणतात. दोघांनी एकच श्वास घ्यायचा. वहिनी दचकल्या, मग डोळे मिटून उभ्या राहिल्या. माझी पाळी आली तेव्हा मी फार पटकन मान मागे घेतली.

"किया ओरा," आन्टी मला म्हणाली (बरं असो, सुखी असो). "तू त्याचा भाऊ?"

"मित्र," मी म्हणालो.

चर्च आतून लहानसं, पण मधाच्या रंगाच्या लाकडाचं. भिंतींवर गवताच्या पट्ट्या विणून केलेली नक्षी, पायऱ्यापायऱ्यांची. वेदीजवळच्या एका बाकाच्या पाठीला बोट जाईल एवढं भोक. आन्टीने वहिनींचं बोट धरून त्यात घातलं. "गोळी," ती म्हणाली. मी भाषांतर केलं. वहिनींनी बोट काढलं आणि पदराला पुसलं.

मग तिने गोष्ट सांगितली. हे चर्च तिच्या पणजोबाच्याही आधीच्या पिढीने बांधलं; मिशनरी आले होते, गावाला त्यांचा देव आवडला होता, लाकूड गावानेच चिरलं. मग लढाई आली. माथ्यावर गावाने खंदक खणले. म्हातारी माणसं आणि पोरं कुठे ठेवायची हा प्रश्न होता. तिचा पूर्वज चर्चमध्ये प्रार्थना सांगायचा. त्याने सगळ्यांना शब्द दिला, देवाच्या घरात बंदूक येत नाही, इथे ठेवा. ठेवलं. बंदूक आली.

"त्याने खोटं सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"त्याला ते खरं वाटत होतं की नाही, यावर माझे चुलत भाऊ अजून भांडतात," आन्टी म्हणाली. "काही म्हणतात, तो असं बोललाच नाही. माझी आजी म्हणायची, बोलला. त्याला ठाऊक नव्हतं आणि तरी देवाच्या नावाने बोलला. लढाई संपल्यावर गावाने मिशनरींचा देव सोडला. आमच्यातलेच संदेष्टे उभे राहिले, लोक त्यांच्यामागे गेले. चर्चला एक पिढी कुलूप. उघडलं त्या दिवशी तो म्हातारा सगळ्यांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, बंदूक येणार नाही असं मी सांगितलं होतं."

"मग? गावानं हाकललं?" वहिनींनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"हाकललं असतं तर सोपं झालं असतं त्याला. त्याला घंटा दिली. दर रविवारी घंटा वाजवायची आणि मेलेल्यांची नावं मोठ्याने घ्यायची. मग त्याचा मुलगा, मग नातू. आता मी." ती हसली. "दम लागतो. पण नावं पाठ आहेत."

त्याच गावची पोरं पुढे त्याच सरकारच्या फौजेतून पहिल्या महायुद्धाला गेली, पार युरोपपर्यंत. काही त्याला कडाडून नाही म्हणाली, ज्यांनी आमची जमीन घेतली त्यांच्यासाठी का लढू? एकाच घरात एक भाऊ गेला, एक तुरुंगात बसला. दोघांचीही नावं भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. वहिनींना हे फार आवडलं. "बसलेल्याचं पण लिवलंय? बरं केलं."

चर्चच्या बाजूला उरुपा (कबरस्तान). बुटकं पांढरं कुंपण, दाराशी पाण्याचा नळ. आन्टी सायलीला घेऊन सभागृहाच्या स्वयंपाकघरात गेली आणि आम्हाला म्हणाली, बघा, मी आलेच. वहिनी आत शिरल्या. एका सैनिकाच्या कबरीशी थांबल्या. दगडावर पलटणीची खूण कोरलेली. पिशवीतून त्यांनी नारळ काढला, घरून केलेले बेसनाचे लाडू काढले, केळीचं पान नव्हतं म्हणून कागदी रुमाल पसरला आणि नैवेद्य मांडला. पाण्याची बाटली उघडून भोवती फिरवलं. मी बघत होतो. मला चुकीचं काही वाटलं नाही. आपल्याकडे समाधीला दुसरं काय करतात?

"नाही, नाही, बाळा!" मागून आन्टीचा आवाज. ती जवळजवळ धावत आली. आतमध्ये मात्र आवाज खाली आणून तिने मला समजावलं: मेलेल्यांच्या जागेत खाण्याचं काही आणायचं नाही. ही जागा तापू (पवित्र, म्हणून वर्ज्य) आणि खाणं त्याच्या उलट. "तिचा दोष नाही. उचलायला सांग, हात धुवायला सांग, अंगावर पाणी शिंपडायला सांग. झालं."

वहिनींनी लाडू उचलले. नळाखाली हात धुतले, डोक्यावर पाणी शिंपडलं. मसणातनं आल्यासारखं, म्हणाल्या. आणि मग हात धूतच राहिल्या. नळ बंद करेनात.

"माझ्याच हातनं होतं," त्या म्हणाल्या. "देवाच्या दारात माझं हमखास चुकतं."

"काय म्हणतेय?" आन्टीने विचारलं. मी सांगितलं.

"सांग तिला, काही बिघडलेलं नाही."

"न्हाई भावजी," वहिनींनी मान हलवली. "तिला सांगा, मी एकदा ह्याच्याहून मोठं चुकलीया. ती देवाधर्माची बाई हाय, तिला कळंल. आपल्या गावात कुणाला सांगितलं न्हाई मी."

कुंपणाबाहेर बाक होता. आम्ही तिघं बसलो, मी मध्ये. वहिनी एक वाक्य बोलायच्या, मी ते इंग्रजीत करायचो. तुकारामची पंधरा वर्षं भरली होती. पेन्शन घेऊन घरी यायचं की बढती घेऊन पुढे राहायचं, यावर नवरा-बायकोत बोलणं चालू होतं. शेवटी ठरलं, भैरोबाला विचारू. उजवा आला तर पुढे जा, डावा आला तर घरी ये. हे सगळं मी भाषांतर करत गेलो, एखाद्या परक्याचं सांगावं तसं.

"त्या दिवशी बंब पेटंना," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना घाई. मी तशीच गेले, पारोशी. अंघोळ न करता देवाला प्रश्न इचारला. कौल उजवा आला. पर त्यो खरा कौल न्हवता. देवानं मला शिक्षा दिली. माझ्या अंगाला पाणी लागलं असतं तर डावाच आला असता, आन् हे घरी असते. म्हून मी देवळात जात न्हाई. कंच्या तोंडानं जाऊ?"

मला वाटत होतं त्या देवावर रुसल्या आहेत. इतकी वर्षं मी असंच धरून चाललो होतो, कारण ते मला सोसण्यासारखं होतं.

"काय म्हणाली?" आन्टी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी भाषांतर केलं नाही. मी वहिनींकडे वळलो.

"वहिनी, कौल आलाच नव्हता."

"म्हंजे?"

"त्या दिवशी गाभाऱ्यात मी होतो. कळ्या लावल्या. पडेनात. कुठलीच पडेना. मला साताऱ्याची बस गाठायची होती, नोकरीच्या मुलाखतीसाठी. आणि तुकारामला जायचंय हे मला माहीत होतं. त्याला बढती हवी होती, तुमच्यापुढे तो बोलत नव्हता एवढंच. मी बी.फार्म. झालेलो, मला वाटायचं, कळी कुठे चिकटवायची आणि किती ओली ठेवायची हे सगळं गुरवाच्या हातात, यात देव कुठे आहे? मी आरती ओवाळताना मनगटाने उजवी कळी पाडली. बाहेर येऊन म्हणालो, उजवा. आणि बस पकडली."

चर्चच्या छपरावर एक टुई पक्षी दोन आवाजांत बोलत होता, एक घंटेसारखा आणि एक खोकल्यासारखा. मी वर बघत होतो, म्हणून तो लक्षात राहिला.

"डावी पडली न्हवती?" वहिनींनी विचारलं.

"नाही. कुठलीच नाही."

"शपथ?"

"तुमची शपथ घ्यायचा मला अधिकार नाही. पण नाही पडली."

"म्हंजे देव काय बोललाच न्हवता." त्यांनी ओल्या हातांकडे बघितलं. "बावीस वर्सं मी तोंड लपवत फिरली. आन् त्यो काय बोललाच न्हवता! आन् तू…" आजवर त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "मुडद्या, तू ह्यांच्या तेराव्याला जेवायला बसलास माझ्या दारात. माझ्या पंगतीला वाढलास."

"हो."

"बोलायला काय झालं हुतं?"

"भीती वाटली. मग परदेशी आलो. मग फार उशीर झालाय असं वाटलं."

"अजून किती जणांचं पाडलंस?"

खरं सांगायचं ठरवलं होतं. "दोन-चार. एकदा विहिरीचा. एकदा कुणाच्या तरी म्हशीचा."

"आमच्या लग्नाचा?" त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला.

"तो नाही, वहिनी. तेव्हा गाभाऱ्यात माझे वडील होते. मी दारात बसून नारळ फोडत होतो. उजवी कळी आपसूक पडली, सगळ्यांनी पाहिली. तुकाराम एवढा मोठ्याने हसला की वडिलांनी त्याला दटावलं."

वहिनींनी फोटो जवळ ओढला आणि मग रडल्या. मग वहिनी मला म्हणाल्या, "सांग तिला. तूच सांग तुझ्या तोंडानं."

मग मला ते सगळं इंग्रजीत सांगावं लागलं. आपल्या भाषेत पाप सांगताना शब्द मदतीला येतात. परक्या भाषेत नुसतं काय केलं तेवढंच उरतं. मी कळी पाडली. मी खोटं बोललो. माणूस गेला. आन्टीने ऐकून घेतलं. उठली आणि म्हणाली, "चहा टाकते," आणि वहिनींना दंडाला धरून घेऊन गेली. मी बाकावर.

जेवायला बोलावलं तेव्हा मी जाऊ की नको अशा विचारात होतो. सायलीने दारातून हाक मारली, "काका, फूड थंड होतंय." तिला अजून काही कळलं नव्हतं.

टेबलावर डुकराच्या हाडांचा रस्सा, बटाटे, आणि पुहा नावाची पालेभाजी. वहिनींनी मांस बाजूला सारलं, भाजी चाखली आणि म्हणाल्या, "ही पाथरीच की. नाव बदललं म्हून काय झालं." रेवेना नावाची भाकरी असते, बटाट्याच्या विरजणाने आंबवलेली, तिला आंबोळीच्या पिठाचा वास येतो. वहिनींनी ती दोनदा मागून घेतली. लाडू आता टेबलावर होते. इथे चालत होते. आन्टीने तीन खाल्ले आणि सायलीकडे बघून, नर्सबाईंना शुगर दिसली नाही अशी आशा आहे, म्हणाली. माझ्या ताटात वहिनींनी काही वाढलं नाही. आन्टीने वाढलं.

निघताना पुन्हा नाकाला नाक. या वेळी मी मान मागे घेतली नाही. आन्टीने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "तुमच्याकडे घंटा आहे?"

"आहे. फार मोठी."

"मग झालं तर," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर वहिनी मागे डोळे मिटून होत्या. नदी दिसायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "सायलीला सांगायचं तू. मी न्हाई सांगणार." सायलीने गाडी कडेला घेतली. मी सांगितलं, यावेळी जरा नीट. ती स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिली. तिचे वडील गेले तेव्हा ती चालायला शिकत होती.

"पण बाबांना जायचंच होतं ना?" ती म्हणाली. "मग कौल कसाही असता तरी…"

"गेले नसते," मागून वहिनी. "मी रडून धरून ठेवलं असतं. देवाचं नाव होतं म्हून सोडलं." त्यांनी सुटका कोणालाच दिली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

सायली म्हणाली, "काका, मला बाबा म्हणजे हा फोटो. मला राग यायला वेळ लागेल. आला की सांगते." मग तिने इंडिकेटर लावला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

पोकेनोला कुणी आइस्क्रीम मागितलं नाही. बॉम्बे हिल्स चढताना वहिनींनी आपला निकाल सांगितला. त्यांनी तो जेवतानाच ठरवला असावा. "चैतात जत्रा हाय. मी देवळात जाणार, अंघोळ करून, ओटी घेऊन. पर माझ्या आधी तू जायचं. सगळी पलटणीची माणसं बसलेली असताना उभं ऱ्हायचं आन् सांगायचं. ह्यांचं नाव घेऊन सांगायचं."

"धाकटा भाऊ अजून गुरवकी करतो, वहिनी. लोक त्याच्या कौलावरही विश्वास ठेवणार नाहीत."

"त्ये तुझ्या भावाला इचार. मला न्हाई."

माउंट वेलिंग्टनला घरी पोचल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, शनिवारच्या ड्युट्या कशासाठी ते आज कळलं. मग भावाला फोन लावला. गावी दुपार होती; मागे देवळातला गलका ऐकू येत होता. त्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मी कळी पडायची वाट बघतो. कधीकधी तासभर. लोक शिव्या देतात, म्हणतात तुझा दादा झटपट द्यायचा." त्याच्या बोलण्यात राग होता आणि थोडं हसू होतं, दोन्ही. "ये. पण गाभाऱ्यात शिरू नको. बाहेर लोकांच्या रांगेत उभा राहा."

तिकीट काढलंय, वहिनींच्याच विमानाचं, त्यांच्या मागच्या रांगेतलं. शेजारची जागा होती, पण त्या म्हणाल्या, मागं बस.

गुरवाच्या पोराला देव कधी समोरून दिसत नाही. लहानपणापासून मी भैरोबाला बाजूने पाहिला, फार जवळून. दुधाने धुतला, शेंदूर लावला, खांद्यांवर कळ्या चिकटवल्या. उंबऱ्याबाहेर थांबून, काहीतरी विचारायला आलेल्या माणसाला तो कसा दिसतो, हे मला ठाऊक नाही. या चैत्रात बघेन.